माणसाच्या सगळ्या भाषांत सारखं काय असतं? कोल्हापुरातून वारंवार येणारे प्रश्न

कोल्हापुरात आणि आसपासच्या तालुक्यांत भाषेविषयी बोलायला गेलं की काही प्रश्न हमखास येतात. विचारणारे कधी नेट-सेटचा अभ्यास करणारे विद्यार्थी असतात, कधी शिक्षक, कधी शेतकरी, तर कधी लहान मुलांचे आईवडील. प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

जगात एवढ्या भाषा आहेत, त्यांत सारखं असं काही असणार तरी कसं?

आज जगात सुमारे ७००० भाषा आहेत आणि वरवर पाहिलं तर त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. पापुआ न्यू गिनीच्या बूगनविल बेटावरची रोटोकास भाषा जेमतेम ११ स्वनिमांवर, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलू शकणाऱ्या सुट्या आवाजांवर, चालते. आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या ता भाषेत हीच संख्या शंभराच्या वर जाते. तरीही काही गोष्टी कुठंही गेलं तरी सापडतातच. प्रत्येक भाषेत नकार देता येतो, प्रश्न विचारता येतो, आज्ञा करता येते. जे समोर नाही त्याबद्दल बोलता येतं. थोड्या निरर्थक आवाजांपासून हजारो शब्द तयार होतात आणि त्या शब्दांतून आजवर कुणी न उच्चारलेली वाक्यं. आणखी एक गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. निरोगी मूल ज्या घरात वाढतं तिथली भाषा ते शिकतंच, मग ती कुठलीही असो. जन्मजात अमुक एका भाषेसाठी घडलेलं मूल जगात कुठंच नाही.

परीक्षेत हॉकेटची लक्षणं किती लिहायची? कुणी १३ सांगतं, कुणी १६.

दोन्ही बरोबर. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स हॉकेट यांनी १९६० च्या लेखात मानवी भाषेची १३ लक्षणं मांडली. पुढे त्यांत तीन वाढवली: खोटं बोलता येणं, भाषेनेच भाषेबद्दल बोलता येणं आणि एक भाषा येणाऱ्याला दुसरी शिकता येणं. उत्तरात वर्षासकट दोन्ही आकडे लिहा. पण नुसती यादी पाठ करण्यात अर्थ नाही. यादृच्छिकता, द्विस्तरीय रचना, उत्पादकता आणि स्थलकालापलीकडे जाण्याची क्षमता ही चार लक्षणं स्वतःची उदाहरणं देऊन समजावता आली पाहिजेत.

मग तीच चार नीट सांगा.

एखाद्या गुऱ्हाळावर जाऊन उभे राहा. काहिलीत रस उकळत असतो, भेंडीचं पाणी टाकल्यावर मळी वर येते आणि ती काढता काढता गुळव्या सहज म्हणतो, "परवाचा पाऊस पडला नसता, तर रस असा पातळ निघाला नसता."

हे वाक्य सुटं करून पाहू. 'परवा' म्हटलं की बोलणं आजच्या बाहेर गेलं. 'पडला नसता' म्हटलं की ते घडलेल्या जगाच्याही बाहेर गेलं, कारण पाऊस तर पडला होता. न पडलेल्या पावसाचं एक वेगळं जग बोलणाऱ्यानं उभं केलं, त्या जगातला रस कसा निघाला असता ते सांगितलं आणि त्यावरून आजच्या काहिलीतल्या रसाचं कारण ऐकणाऱ्याला कळलं. स्थलकालापलीकडे जाणं म्हणजे हे. हे वाक्य त्यानं कुठून पाठ केलेलं नव्हतं, ते त्याच क्षणी घडवलं. ती उत्पादकता.

आता त्याच काहिलीजवळचे आवाज घ्या. मळी, माळी, मळा, माळ, माल. यांतल्या म, ळ, ल, आ, ई या आवाजांना सुटा अर्थ नाही. पण एक आवाज बदलला की मळीचा माळी होतो आणि माळेचा माल. खालच्या थरावर निरर्थक आवाज, वरच्या थरावर अर्थ असलेले शब्द, अशी ही द्विस्तरीय रचना. तिच्यामुळेच चाळीस-पन्नास आवाजांत आख्खा शब्दकोश मावतो.

राहिली यादृच्छिकता. 'गूळ' या आवाजात गोडवा नाही. निपाणीच्या पुढे गेलं की त्याच ढेपेला कन्नडमध्ये 'बेल्ल' म्हणतात आणि तिची चव बदलत नाही. इथे कुणीतरी खळखळ, कडकड, सळसळ असे शब्द काढतंच, आणि मराठीत ते खरोखर भरपूर आहेत. पण तेही भाषेप्रमाणे बदलतात. आपला कोंबडा कुकूचकू करतो आणि इंग्रजांचा कॉक-अ-डूडल-डू.

आमच्या बैलाला हाक कळते, कुत्र्याला तर सगळंच कळतं. मग जनावरांना भाषा नाही कसं म्हणता?

त्यांना संदेश देता-घेता येतात आणि काही प्राण्यांचे संदेश थक्क करणारे आहेत. केनियातल्या व्हर्वेट माकडांवरचं संशोधन १९८० मध्ये प्रसिद्ध झालं. ही माकडं बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठी तीन वेगळे इशारे देतात. बिबट्याचा इशारा ऐकला की बाकीची माकडं झाडावर चढतात, गरुडाचा ऐकला की वर बघतात किंवा झुडपात शिरतात, सापाचा ऐकला की मागच्या पायांवर उभी राहून गवतात बघतात. मधमाशी नाचून फुलांची दिशा आणि अंतर सांगते. ते उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ मध्ये नोबेल मिळालं. समोर नसलेल्या गोष्टीबद्दल सांगणं तिलाही थोडंफार जमतं, हे मान्य केलंच पाहिजे.

पण मधमाशीला कालच्या फुलांबद्दल सांगता येत नाही, 'तिकडं फुलं नाहीत' असं म्हणता येत नाही आणि प्रश्नही विचारता येत नाही. व्हर्वेट माकड बिबट्याचा आणि सापाचा इशारा जोडून तिसराच अर्थ तयार करत नाही. निम नावाच्या चिंपांझीला १९७० च्या दशकात अमेरिकेत खुणांची भाषा शिकवण्याचा मोठा प्रयत्न झाला. शंभरावर खुणा त्याला आल्या. पण त्याचं 'वाक्य' लांबलं तेव्हा 'दे', 'संत्रं', 'मला', 'खा' याच खुणा पुन्हा पुन्हा येत राहिल्या. नवीन माहिती काही येईना. प्रकल्प चालवणारे हर्बर्ट टेरेस यांनीच १९७९ मध्ये ते प्रामाणिकपणे लिहिलं. दोन वर्षांचं मूल त्याच्या पुढे जातं. 'आई, भू-भू गेला' म्हणतं आणि लगेच 'कुठं गेला?' असंही विचारतं.

मुक्या-बहिऱ्यांच्या खुणांना भाषा म्हणायचं का?

हो, अगदी पूर्ण अर्थानं. आणि 'मुके-बहिरे' हा शब्द आपण सोडून द्यावा, 'कर्णबधिर' म्हणावं. हॉकेट यांच्या यादीतलं पहिलंच लक्षण होतं की भाषा तोंडानं बोलली आणि कानानं ऐकली जाते. योगायोग असा की त्याच १९६० साली विल्यम स्टोकी यांनी अमेरिकी सांकेतिक भाषेचं विश्लेषण प्रसिद्ध केलं आणि दाखवलं की तिथेही हाताचा आकार, जागा आणि हालचाल असे सुटे घटक आहेत आणि त्यांपासून शब्द बनतात. म्हणजे द्विस्तरीय रचना हातांतही असते. यादीतलं पहिलं लक्षण तेवढं गळून पडलं.

निकाराग्वात तर भाषा जन्मताना पाहायला मिळाली. १९७७ मध्ये आणि त्यानंतर मानाग्वा शहरातल्या शाळांमध्ये कर्णबधिर मुलं प्रथमच मोठ्या संख्येनं एकत्र आली. तोवर प्रत्येकाकडे घरातल्या मोडक्यातोडक्या खुणा होत्या. मोठ्यांनी शिकवली नाही, तरी त्या मुलांमध्ये काही वर्षांत नवी सांकेतिक भाषा तयार झाली. मागून आलेल्या लहान मुलांनी तिचं व्याकरण आणखी पक्कं केलं. भाषा घडवायची ओढ माणसात किती खोल असते, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

भारतीय सांकेतिक भाषेसाठी २०१५ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय संस्था सुरू झाली आणि तिच्या शब्दकोशात आता १०,००० च्या आसपास नोंदी आहेत. घरात कर्णबधिर मूल असेल तर ही भाषा लवकरात लवकर त्याच्यापर्यंत पोचवा. 'आधी बोलायला शिकू दे, मग बघू' म्हणून लहानपणाची वर्षं घालवू नका. भाषा शिकण्यासाठी तीच सगळ्यांत मोलाची असतात.

मराठीत क्रियापद शेवटी, इंग्रजीत मधे. मग सारखं काय राहिलं?

अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी हाच प्रश्न घेतला आणि ३० भाषा तपासून १९६३ मध्ये ४५ निष्कर्ष मांडले. त्या तिसांत हिंदी होती, कन्नडही होती. मराठी नव्हती. पण दोन्हीकडच्या शेजारणी होत्या, त्यामुळे निष्कर्ष आपल्याला ओळखीचे वाटतात.

त्यांच्या निष्कर्षांपैकी बरेच 'हे असेल तर तेही असतं' या घडणीचे आहेत. ज्या भाषेत क्रियापद शेवटी येतं, तिथे 'वर', 'खाली', 'साठी' यांसारखे शब्द बहुतेक वेळा नामाच्या मागे लागतात. आपण 'रंकाळ्यावर भेळ खाल्ली' म्हणतो. 'वर' मागे, क्रियापद शेवटी. कन्नड, जपानी, तुर्की यांचंही तसंच. इंग्रजीत क्रियापद मधे आहे आणि 'वर' दाखवणारा शब्द नामाच्या आधी. आणखी एक नियम बघा. द्विवचन असलेल्या भाषेत अनेकवचन असतंच, पण उलट होईलच असं नाही. संस्कृतात रामः, रामौ, रामाः अशी तिन्ही आहेत. मराठीनं द्विवचन टाकलं आणि अनेकवचन ठेवलं. अनेकवचन टाकून द्विवचन ठेवलेली भाषा सापडत नाही.

शब्दक्रमाबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा. जगातल्या बहुसंख्य भाषांत कर्ता कर्माच्या आधी येतो. मराठीसारख्या 'कर्ता-कर्म-क्रियापद' भाषा आणि इंग्रजीसारख्या 'कर्ता-क्रियापद-कर्म' भाषा प्रत्येकी चाळीस टक्क्यांच्या आसपास भरतात. पण ब्राझीलमधल्या हिश्कार्याना भाषेत कर्म आधी आणि कर्ता शेवटी येतो. म्हणून याला अटळ नियम म्हणता येत नाही, जोरदार कल म्हणता येतं.

कोल्हापुरात बायकाही 'मी जातो', 'मी आलो' म्हणतात. हे चूक नाही का?

नाही. हा प्रश्न बहुतेक वेळा कुणीतरी खाली मान घालून विचारतं. पुण्या-मुंबईला गेल्यावर हसलं गेलेलं असतं, म्हणून. त्यामुळे थोडं सविस्तर सांगतो.

प्रमाण मराठीत 'मी जातो' आणि 'मी जाते' असा लिंगभेद क्रियापदात दिसतो. कोल्हापूरच्या बोलीत बाई स्वतःबद्दल 'मी जातो' म्हणते. पण तीच बाई मैत्रिणीला 'तू आलीस व्हय?' असं विचारते आणि जावेबद्दल 'ती गेली' म्हणते. म्हणजे लिंगभेद तिच्या बोलीतून गेलेला नाही. 'तू' आणि 'ती'जवळ तो शाबूत आहे, फक्त 'मी'जवळ नाही.

हे अंदाधुंद नाही. ग्रीनबर्ग यांचा एक नियम सांगतो की प्रथम पुरुषात लिंगभेद असेल तर तो द्वितीय किंवा तृतीय पुरुषातही असतोच. उलट बाजूनं तशी सक्ती नाही. त्यांचा नियम सर्वनामांबद्दलचा आहे आणि आपल्याकडे लिंग क्रियापदात दिसतं, म्हणून तो जसाच्या तसा लावता येणार नाही. पण कल तोच दिसतो. बोलणारी व्यक्ती समोर उभी असते, तिचं लिंग शब्दानं सांगण्याची गरज सगळ्यांत कमी. म्हणून भाषा भेद सोडते तेव्हा तिथून सोडते. गल्लीतल्या आजीचं 'मी आलो की गं' जगभरच्या भाषांत दिसणाऱ्या कलाशी जुळतं. त्याला हसणाऱ्याला बोली माहीत नाही, एवढंच.

तसंच एक सीमेपलीकडचं उदाहरण. अनेकवचनात एकवचनापेक्षा जास्त लिंगं असत नाहीत, असाही नियम आहे. मराठीत एकवचनी तो, ती, ते अशी तीन आणि अनेकवचनी ते, त्या, ती अशीही तीनच. कन्नडमध्ये एकवचनी अवनु, अवळु, अदु अशी तीन, पण अनेकवचनात अवरु आणि अवु अशी दोनच उरतात. मर्यादा दोघीही पाळतात.

पण रांगड्या बोलीला व्याकरण असतं का?

असतं. मी करालोय, तू करालाईस, त्यो करालाय, ती करालीय. कुठलंही क्रियापद घ्या, साचा मोडत नाही. 'आलो होतो'चं आलतो, 'गेलो होतो'चं गेलतो, 'केलं होतं'चं केलतं, हेही तितकंच नियमित. व्याकरण नसलेली मानवी भाषा किंवा बोली आजवर सापडलेली नाही, हे सार्वत्रिक गुणधर्मांतलं सगळ्यांत पक्कं विधान आहे. परीक्षेच्या पेपरात प्रमाण मराठी लिहावी, ती सर्वांना सामायिक आहे. पण वर्गात पोरगं 'सर, मी आलतो' म्हणालं तर त्याला अडाणी ठरवू नका. त्याला दोन व्याकरणं शिकायची आहेत आणि त्यातलं एक त्याला आधीच येतं.

लिपी नसेल तर ती भाषा कशी?

जगातल्या कितीतरी भाषा कधीच लिहिल्या गेल्या नाहीत. लेखनाचा इतिहास पाच हजार वर्षांच्या आसपास जातो, बोलणं त्याच्या कितीतरी आधीचं. लिपी हे साधन आहे. भाषा तिच्याविना पूर्ण असते.

चॉम्स्की यांचं वैश्विक व्याकरण खरं की खोटं?

यावर भांडण अजून मिटलेलं नाही. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांचं म्हणणं थोडक्यात असं की भाषा शिकण्याची घडण माणसाच्या मेंदूत उपजत असते. २००२ मध्ये त्यांनी दोन सहलेखकांबरोबर असं मांडलं की तिचा गाभा म्हणजे पुनरावर्तन, एका रचनेच्या पोटात तशीच दुसरी बसवण्याची क्षमता. 'माझ्या मावशीच्या दिराच्या मुलीच्या सासऱ्याचा ट्रॅक्टर' ही रचना कितीही लांबवता येते. ऐकणारा दमेल, पण व्याकरण दमत नाही.

२००५ मध्ये डॅनियल एव्हरेट यांनी ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या पिराहा भाषेत असं पुनरावर्तन नाही असा दावा केला. २००९ मध्ये तीन भाषाशास्त्रज्ञांनी एव्हरेट यांच्याच आधीच्या नोंदी वापरून तो खोडायचा प्रयत्न केला. त्याच वर्षी निकोलस इव्हान्स आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी वेगळ्या अंगानं लिहिलं की खरोखर अपवादरहित सार्वत्रिक गुणधर्म फारच थोडे आहेत आणि भाषांची विविधता हीच मुख्य गोष्ट आहे. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसतं. क्षमता सगळ्यांची सारखी आहे, हे निकाराग्वाच्या मुलांनी दाखवलं. त्या क्षमतेतून काय घडेल हे मात्र समाज आणि इतिहास ठरवतो. त्याचं उदाहरण आपल्या उंबऱ्यावर आहे.

कुठलं उदाहरण?

सांगली जिल्ह्यातलं कुपवाड. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये या गावावर लिहिलेला निबंध जगभर शिकवला जातो. तिथे कन्नड, मराठी, उर्दू आणि काही घरांत तेलुगू अशा भाषा कित्येक पिढ्या शेजारी नांदल्या. शब्द आपापले राहिले, पण वाक्याची घडण इतकी जवळ आली की एका भाषेतल्या वाक्यातले शब्द काढून त्याच जागी दुसऱ्या भाषेतले ठेवले तरी वाक्य उभं राहतं, असं त्यांनी मांडलं. कन्नड द्रविड कुळातली, मराठी आणि उर्दू इंडो-आर्यन कुळातल्या. तरी हे घडलं. पुढच्या अभ्यासकांनी ही जवळीक इतकी टोकाची आहे का, यावर शंका घेतली आहे. पण निपाणी, गडहिंग्लज, चंदगड या भागात बाजारहाट केलेल्या कुणालाही मूळ मुद्दा सांगावा लागत नाही.

आपल्या रोजच्या बोलण्यातही असा ठसा आहे. 'आम्ही जेवायला निघालो' म्हटलं तर ऐकणारा त्यात नाही. 'आपण जेवायला जाऊया' म्हटलं तर तोही त्यात आला. तेलुगूत हाच भेद 'मेमु' आणि 'मनमु' असा आहे. मराठीत तो द्रविड भाषांच्या सहवासानं रुजला, असं अभ्यासक मानतात.

रंगांची नावं तरी सगळीकडे सारखी सुचतात का?

ब्रेंट बर्लिन आणि पॉल के यांनी १९६९ मध्ये मांडलं की ज्या भाषेत रंगांचे दोनच मूळ शब्द असतात तिथे ते काळपट आणि उजळ यांसाठी असतात, आणि तिसरा शब्द आला की तो तांबड्यासाठी असतो. पुढे या क्रमात दुरुस्त्या झाल्या, वादही झाले. तांबड्याचा मान मात्र टिकून आहे.

गप्पा मारण्याच्या पद्धतीत काही सारखं असतं का?

असतं, आणि हा माझा आवडता भाग. २००९ मध्ये दहा भाषांमधल्या संभाषणांची मोजणी प्रसिद्ध झाली. एकाचा प्रश्न संपून दुसऱ्याचं उत्तर सुरू होईपर्यंतचं अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढं निघालं. जपानी लोक थोडे आधी, डॅनिश थोडे उशिरा, पण फरक अर्ध्या सेकंदाच्या आतला. इतक्या वेळात वाक्य जुळवता येत नाही, म्हणजे समोरच्याचं संपायच्या आधीच आपण उत्तर तयार करत असतो. नीट ऐकू आलं नाही की आपण 'आं?' म्हणतो. २०१३ च्या अभ्यासात एकमेकींशी नातं नसलेल्या भाषांतही याच घडणीचा छोटा उद्गार सापडला.

आणि कोल्हापूरकर भरभर बोलतात, त्यामुळे ते जास्त सांगतात का, असं विचारलं जातं. २०१९ मध्ये १७ भाषांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की काही भाषा सेकंदाला जास्त अक्षरं उच्चारतात, पण मग प्रत्येक अक्षरात माहिती कमी भरते. हिशेब सगळीकडे सेकंदाला ३९ बिट्सच्या आसपास येतो (बिट म्हणजे माहिती मोजायचं एकक). त्या सतरांत मराठी नव्हती.

मूल घरी कोल्हापुरी, शेजारी कन्नड आणि शाळेत इंग्रजी ऐकतं. त्याचा गोंधळ होईल का?

नाही. जगातली फार मोठी लोकसंख्या एकाहून जास्त भाषांत वाढते. मूल साधारण सहा महिन्यांचं झालं की बडबडगाणी गावीत तसं 'बाबा, दादा' बरळायला लागतं, वर्षाच्या सुमाराला पहिला शब्द येतो, दीड-दोन वर्षांत दोन शब्द जोडतं. मधेच दोन भाषा मिसळेल, मिसळू द्या. ते 'मी करलं' म्हणालं तर हुरळून जा. 'केलं' त्यानं ऐकलेलं असतं, 'करलं' कुणीच म्हणत नाही. म्हणजे नियम त्यानं स्वतः शोधून काढला आहे. तुम्ही फक्त 'हो, छान केलंस' असं म्हणत पुढे बोलत राहा.

आम्हाला घरच्या घरी काही नोंदवायचं असेल तर?

आजी-आजोबांची परवानगी घेऊन मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड करा. विषय त्यांच्या आवडीचा द्या: पेरणी, लग्न, जोतिबाची यात्रा, पंचगंगेचा पूर. गाव, वय आणि तारीख लिहून ठेवा. नंतर उतरवून काढताना जे ऐकू येतं तेच लिहा, 'आलतो'चं 'आलो होतो' करू नका. आजी 'मी'बरोबर कुठलं क्रियापद वापरते, 'तू'बरोबर कुठलं, 'ती'बरोबर कुठलं, हे तीन रकाने करून मांडा. गावागावात फरक दिसेल. शेजारच्या गावातल्या कुणाकडून तेच तीन रकाने भरून घ्या आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा.